मुळात जोडलेला

केयोनमध्ये संध्याकाळी वर्कशॉपचं पत्र्याचं छप्पर
वाऱ्यानं वाजायला लागतं,
आणि मास्तर रोसामेल कार्कामो फळ्यावर शिडी काढतात.
डावीकडे एक उभा खांब, उजवीकडे एक,
मध्ये पायऱ्या.
ही चढायची नसते, नेलिदा,
ही वाचायची.
डावीकडून उजवीकडे, वरून खाली,
संपली की पुन्हा वरून,
सेकंदाला शंभर वेळा, न कंटाळता.

मी बेचाळीसची. शेजारचा बार्रिया एकोणीसचा,
त्याची बोटं कीबोर्डवर कोळंबीसारखी उडतात.
माझ्या बोटांच्या भेगांत अजून मीठ आहे.
खाडीतल्या सॅमनच्या पिंजऱ्यांना खाद्य फुंकणारं यंत्र
आम्हाला चालवायचंय म्हणे, पुढच्या हंगामात.
सध्या टेबलावर एक खेळण्याएवढी मोटर,
चार दिवे,
हिरवं बटण, लाल बटण.

हिरवं समजलं.
दाबलं की मोटर सुरू, सोडलं तरी सुरूच,
कारण ती स्वतःच्याच एका संपर्कानं
स्वतःला धरून ठेवते.
अशी माणसं मी पाहिलीत.

लाल समजेना. तीन रात्री.
मास्तर म्हणाले, थांबवायचं बटण मुळात जोडलेलं ठेवायचं,
वीज त्यातून सारखी वाहत राहते,
दाबलं की तुटते.
आणि प्रोग्रॅममध्ये त्याचा संपर्क काढायचा, तो मात्र उघडा.
मी बंद काढला. मोटर हललीसुद्धा नाही.
म्हटलं, सगळं उलटं का?
हाक मारायची तर माणूस तोंड उघडतो,
मिटत नाही.

धुरावलेल्या शिंपल्यांच्या माळेतला एक तोडून
मास्तर बराच वेळ चघळत राहिले.
मग म्हणाले, समज, तार उंदरानं कुरतडली.
समज, मीठ चढून गंजली.
तुझं बटण हाक मारेल गं,
ऐकू कुणाला जाणार?

तेव्हा माझ्या तळहातात दोरी आली.

तेरा वर्षांची मी, होडीच्या काठाला,
मागे कॉम्प्रेसर धडधडतोय,
हवेची पिवळी नळी पाण्यात उतरलेली
आणि तिच्या टोकाशी, बारा वाव खाली, बाबा,
खडकांवरून शंख खरवडत.
त्यांच्या कमरेच्या दोरीला थोड्या थोड्या वेळानं एक हिसका:
आहे.
पुन्हा:
आहे.
अडचणीत आलो तर हिसका देईन, असं ते कधीच म्हणाले नाहीत.
अडचणीत माणसाचा हात कुठला मोकळा?
म्हणाले ते एवढंच,
मी गप्प झालो की ओढ.

एकदा गप्प झाले.
मी ओढलं. दोरीनं तळव्याची साल निघाली तरी ओढलं.
बाबा वर आले ते शिव्या देतच,
दोन्ही हात शंखांनी भरलेले, हिसका द्यायला विसरलेले,
अर्धी जाळी तळाशी सांडून आलेले.
माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला, म्हणजे त्यांच्याही.
पण तू चुकलीस,
हे वाक्य त्यात नव्हतं.

मी बंद संपर्क पुसला, उघडा काढला.
हिरवं दाबलं. मोटर फिरली.
मग कुणाला न विचारता
लाल बटणाची तार स्क्रूखालून उपसली.
बार्रिया ओरडला.
मोटर थांबली.
तार परत लावली, स्क्रू पिळला.
मोटर थांबलेलीच.

बिघडली, बार्रिया म्हणाला.
नाही रे, मास्तर म्हणाले,
तार जुळली म्हणून आपोआप सुरू व्हायचं नसतं.
हिरवं बटण पुन्हा कुणीतरी दाबावं लागतं.

त्या दिवशी बाबा अर्धा तास होडीत बसून होते,
रबरी सूट गळ्यापर्यंत ओला,
शंख मोजत, मोजून झाले की परत मोजत.
कॉम्प्रेसर रिकामीच हवा फेकत होता.
मी दोरीचं वेटोळं घालत होते, सोडत होते.
मग माझ्याकडे न बघता
त्यांनी मुखवट्यासाठी
हात पुढे केला.